अक्काचं बोलणं तसंच राहू दे

सातारा

चि. मुक्ता हिस,


तू लिहून पाठवलेल्या अक्काच्या आठवणी दोनदा वाचल्या. तू त्या दुरुस्त केल्या आहेस, हे पहिल्याच पानावर कळलं. 'बाबा कालच गूळ घेऊन आले' असं अक्का म्हणाली असणार. तू लिहिलंस, 'बाबा बाजारातून गूळ आणत असत.' वाक्य नीट झालं गं, पण त्यात अक्का राहिली नाही.

मीही हेच करत होते. आमचे हे एसटीत कंडक्टर, बरीच वर्षं सातारा-महाबळेश्वर गाडीवर. अक्कासारखाच यांचाही डिमेन्शिया वाढला तसे दिवेलागणीला बेचैन व्हायचे. माझ्यासमोर उभं राहून विचारायचे, "बाई, कुठं उतरणार?" मी सांगायची, अहो, मी तुमची बायको, हे आपलं घर. त्यांचा चेहरा एवढासा व्हायचा. एकदा मी फार दमले होते, तोंडातून निघून गेलं, "एक मेढा द्या." त्यांनी वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, दोन बोटांत दाबून पंच केल्यासारखं केलं आणि माझ्या तळहातावर ठेवला. "सुटे काढा." मग केळघरच्या घाटात बंद पडलेली गाडी, धुकं, बाळंतपणाला माहेरी निघालेली पोर, तिच्या अंगावर ड्रायव्हरनं घातलेली घोंगडी, सगळं सांगत बसले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि ही हकिगत मी पहिल्यांदा ऐकत होते. दुसऱ्या दिवशी वही आणली.

डिमेन्शियाच्या एका प्रकाराला ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर या बाईंची उत्तरं टिपून ठेवली होती. त्या जेवत होत्या फ्लॉवर आणि डुकराचं मांस. काय खाताय, विचारल्यावर म्हणाल्या, पालक. डॉक्टरांनी ताटातलंही लिहिलं आणि 'पालक'ही. ती फाइल १९९५ मध्ये सापडली. मला त्या बाई दिसतात त्या या पालकामुळेच.

आणि अक्काला विचारून लिही. गोष्ट तिची आहे. इंग्लंडच्या वेंडी मिचेल यांना २०१४ मध्ये, ५८व्या वर्षी डिमेन्शियाचं निदान झालं आणि २०१८ मध्ये एका पत्रकार बाईंच्या मदतीनं त्यांचं आत्मकथन आलं. निदान झालं म्हणजे माणसाचं सांगणं संपलं, असं आपण फार लवकर धरून चालतो. लिहिलेलं अक्काला वाचून दाखव. नको म्हणाली तर ते पान तिथंच मिटव.

तुझी स्वतःची पानं मात्र मला कुठं दिसली नाहीत. रात्र रात्र जागतेस, नोकरी अर्धवेळ केलीस, त्याचं एक अक्षर नाही. एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना मी यांचा दंड इतक्या जोरात ओढला की सकाळी माझी बोटं उमटलेली दिसली. तेही त्याच वहीत आहे, घोंगडीच्या गोष्टीनंतर चार पानांवर. ते फाडावंसं फार वाटलं, पण फाडलं नाही. तुझा राग, तुझं रडू अक्काच्या शब्दांशेजारीच लिही, वेगळी वही करू नकोस.

तुझी पानं सोबत परत पाठवते आहे. जिथं अक्काचा आवाज ऐकू येईना, तिथं पेन्सिलीनं खूण केली आहे. आणि सहाव्या पानावर ती विहिरीत उतरते, तिथं तू घाईनं पुढं गेलीस. पायऱ्या किती होत्या, ते तिला विचार. मी लहान होते, मला वरच बसवून ती एकटीच खाली जायची.

तुझी,
माईआजी