चकवा

आत शिरल्यावर बाहेरची वाट सापडू नये, अशा जागेला आपल्या भाषेत तीन शब्द आहेत. आणि आपण ते खुशाल एकमेकांच्या जागी वापरतो.

पहिला भुलभुलैया. लखनौच्या बड्या इमामबाड्यात तो आहे. वाटाड्या बरोबर असला की भय नाही, ती गंमतच. दुसरा चक्रव्यूह. तो वैऱ्याने रचलेला. भारती युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू आत शिरला, आणि पाठीराख्यांना जयद्रथाने दारातच अडविले. तेथे त्या पोराचा काय दोष?

तिसरा खेड्यापाड्यांतला, चकवा. ओळखीच्या शिवारात माणूस रात्रभर एकाच बाभळीला वळसे घालतो. तेथे भिंत नाही, वैरी नाही. वाट होती तेथेच असते. दिशा फिरलेली असते ती डोक्यात.

संसाराला चक्रव्यूह म्हटले की दोष रचणाऱ्याचा, आपण मोकळे! मीही तेच करीत होतो. नागपुरात महालातल्या आमच्या घराच्या सामाईक भिंतीवरून धाकट्या भावाशी नऊ वर्षे अबोला. कोणी विचारले की म्हणे, "प्रकरण फार गुंतागुंतीचं आहे, बाप्पा!" एका एकादशीला कीर्तनानंतर शेजारच्या आजीने विचारले, "काऊन जी, भिंत सरकली तरी किती?" मी म्हटले, "हातभर." "मंग नऊ वर्षं त्या हातभर जागेतच फिरून राह्यले का?"

गुंता खोटा नव्हता. पण मी तो सोडवीत नव्हतो, जपत होतो. तो होता तोवर 'माझे चुकले' हे दोन शब्द पुढे ढकलता येत होते.

मात्र एक विवेक ठेवावा. सावकाराच्या कागदांत अडकलेल्या गरिबाला 'हा तुझ्या मनाचा चकवा' म्हणून उपदेश करणे हा अधर्म आहे. त्याचा चक्रव्यूह खरा आहे. तेथे आपण दार धरावे. चकव्याचा शब्द स्वतःसाठी राखून ठेवावा.

चकवा लागला तर धावू नये, जागीच बसावे, उजाडू द्यावे, असे जुनी माणसे सांगत. नाम घेणे ते याहून वेगळे काय? माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले. पण शास्त्रांच्या अरण्यात त्यांची वाट चुकली नाही. आम्ही डोळस, आणि हातभर जागेत हरवलो!

त्या द्वादशीचे पारणे मी भावाच्या घरी फेडले. भिंत अजून तेथेच आहे. राम कृष्ण हरि.