पाठीवरचा भरवसा

घाई बाजूला ठेवून बसा. जी घोडी शिंगरू असताना तुमच्या हाताखाली आली, दावणीला उभी राहायला शिकली आणि आता तुम्हाला पाठीवर घेऊन निर्धास्त चालते, तिला मनापुढे आणा. तुमच्याकडे घोडा नसेल, तर पाहिलेला एखादा गुणी घोडा आठवा. माथेरानच्या तांबड्या वाटेवर लहान पोराला सांभाळून नेणारा चालेल. सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीकाठच्या गर्दीत शांत उभा असलेलाही चालेल. खांदे सैल सोडा.

मनाने तिच्या डाव्या अंगाला, खांद्याजवळ उभे राहा. तळहात बरगडीवर टेकवा. विसावलेला घोडा मिनिटाला ८ ते १६ श्वास घेतो, तेही फक्त नाकाने. त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ पडतात. माणसाच्या मानाने हे फारच संथ. बरगडी फुगते, ओसरते. तिच्या श्वासाबरोबर तुमचा श्वास लांबवून पाहा. जमला तर उत्तम. नाही जमला, तरी हात तिथेच राहू द्या.

आता हात वर सरकवा. आयाळ संपून पाठ सुरू होते तिथे, मानेच्या बुडाशी, बोटांनी हळूहळू खाजवा. कळपातले सोबती एकमेकांना इथेच दातांनी खाजवतात. तिथे खाजवले की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेले आहे. तिची मान खाली येते, खालचा ओठ सैल पडतो, मागचा एक पाय खुराच्या टोकावर विसावतो. पळून जीव वाचवणारा हा प्राणी तुमच्या शेजारी पळायची तयारी मोडून उभा आहे. हे पाहत थोडे थांबा.

मग मागे जा. जन्मल्यावर तासा-दोन तासांत ते शिंगरू लटपटत उभे राहिले होते. उभे राहण्याची त्याला घाई होती, पण मोठे होण्याची मुळीच नव्हती. पुढचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडू लागतात आणि पक्क्या दातांची शेवटची जोडी साडेचार-पाच वर्षांना येते. हाडांचेही तसेच आहे. पायाची खालची हाडे लवकर भरतात, पाठीचा कणा मात्र घोडा पाच-सहा वर्षांचा होईतो वाढत असतो. ज्या पाठीवर खोगीर चढते, तीच सगळ्यात शेवटी पक्की होते. जो या पाठीसाठी थांबला, त्याने तिला पहिला भरवसा दिला. तिचा भरवसा नंतर आला.

ती शिकवणुकीची वर्षे आठवा. तंग आवळताना फुगवलेले पोट. तोंडातले लगामाचे लोखंड चघळत राहणे. ओढ्याच्या काठाशी रोवलेले पाय. त्या दिवसांत शिकवणाऱ्याची नजर सतत उणिवा टिपत असते. मान वर टाकते, उजवीकडे वळायला कुरकुरते, पाण्यात पाऊल घालत नाही. असे टिपल्याशिवाय घोडा तयार होत नाही, हे खरेच. पण घोडी तयार झाली तरी नजरेची ती सवय जात नाही. जे साधले आहे ते पाहायला आता नजरेला शिकवायचे आहे. म्हणून हे मनन.

तिची भीती अजून तिच्यात आहे, हे ध्यानात घ्या. तिच्या डोळ्यांना भोवतालचे जवळजवळ ३५० अंश दिसते. माशी बसली तरी कातडी थरारते. प्रत्येक कान वेगळा फिरतो. ही सगळी रचना धोका ओळखून धूम ठोकण्यासाठी घडलेली आहे. आणि तुम्ही बसता ते तिच्या पाठीवर, जिथे भक्षक झेप घेतो, जिथले तिला नीट दिसतही नाही.

आता वाटेत कुंपणाला अडकलेला प्लास्टिकचा कागद फडफडतो. पूर्वी ती बुजून एकदम बाजूला उडाली असती. आज ती थबकते. एक कान त्या कागदाकडे जातो, दुसरा मागे, तुमच्याकडे वळतो. त्या दुसऱ्या कानापाशी थांबा. ती विचारते आहे. इतक्या वर्षांत तिला काय मिळाले असेल, तर घाबरल्यावर विचारायला कोणीतरी मिळाले.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या झेनोफनने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारून पुढे ढकलू नये, असे त्याने त्यात बजावले आहे. मार बसला की ते दुखणे त्या वस्तूमुळेच झाले असे घोड्याला वाटते आणि भीती दुप्पट होते. कोणाच्याही हातात लगाम येण्याआधी हे त्याच्या कानी पडायला हवे.

आषाढीच्या वारीतले रिंगण आठवा. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबरचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. माउलींच्या अश्वावर माणूस बसत नाही. माउलीच स्वार आहेत, ही वारकऱ्यांची श्रद्धा. टाळ-मृदंगाचा गजर, हजारो माणसे, आणि त्यांच्या मधून तो अश्व दौडत जातो. गर्दीपासून पळण्यासाठी घडलेले शरीर गर्दीच्या मधोमध मोकळे धावते. दौड संपताच वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. भरवशाच्या जनावरापुढे माणसाने काय करावे, ते त्यांना नेमके ठाऊक आहे.

शेवटी मनाने रिकिबीत पाय घाला आणि मांड घाला. लगाम सैल सोडा. तिच्या पावलाचे चार ठोके मोजा: मागचा, पुढचा, मागचा, पुढचा. तुमची कंबर त्या चालीने हलू द्या. आपण स्वतः चालताना ती अशीच हलते. मग दौड. दौडीत घोडा दर झेपेला एकच श्वास घेतो, त्याची चाल आणि श्वास एक होतात. तो श्वास मांड्यांखाली जाणवू द्या. तिला दुरुस्त करू नका, नवे काही मागू नका.

स्वाराच्या मनात धास्ती आली की घोड्याचेही ठोके वाढतात, हे प्रयोगात दिसले आहे. म्हणजे तुमच्या मनातले तिच्यापर्यंत पोहोचते. मग आनंदाला कमी लेखू नका. तिच्या वळलेल्या कानाला जे उत्तर हवे असते, ते तुमच्या सैल खांद्यांतून, सुखावलेल्या श्वासातून जाते. घोडा २५-३० वर्षे जगतो. पाठ पक्की झालेल्या घोडीबरोबर पुष्कळ वर्षे पुढे उरलेली असतात. त्यांतल्या काही फेऱ्या निव्वळ सुखासाठी राखून ठेवा. त्या फेरीत शिकवायचे काही नसावे. तिने दिलेले तेवढे घ्यावे, आणि उतरल्यावर तंग सैल करून तिला पोटभर खाजवावे.