डोंगर उजव्या हाताला

ब्रह्मगिरीवर चढू नये, असा एक जुना दंडक आहे. डोंगर म्हणजे प्रत्यक्ष शिव, मग त्याच्या अंगावर पाय कसा द्यायचा? त्याच्या पाच शिखरांना सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष आणि ईशान अशी शिवाच्या पाच मुखांची नावं आहेत. माथ्यावर जाणं म्हणजे देवाच्या तोंडावर उभं राहणं, असा त्यामागचा सरळ हिशेब.

हा दंडक कधी कसोशीनं पाळला गेला असेल असं वाटत नाही. माथ्यावर त्र्यंबकगड आहे. यादवांपासून निजामशाही, मोगल, मराठे असे सगळे तिथं नांदून गेले. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. शिबंदीला देवाच्या तोंडावर पाय ठेवण्याचा संकोच परवडत नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराचीच्या शेठांच्या देणगीतून वर जायला रुंद दगडी पायऱ्या झाल्या आणि उरलासुरला संकोचही गेला. तरीही बहुसंख्य भाविकांनी या डोंगराशी जे नातं राखलं, ते चढाईचं नाही, फेरीचं आहे. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि त्याच्याभोवती चालून परत निघाल्या जागी यायचं. माझ्या मते दंडकाचा खरा अर्थ या फेरीत शिल्लक आहे, आणि तो पुण्यापुरता नाही.

आधी डोंगर कसा आहे ते पाहू. नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर त्र्यंबक गाव, आणि गावाच्या पश्चिमेला भिंतीसारखा उभा ब्रह्मगिरी. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १२९५ मीटर. सह्याद्रीच्या मानानं ही उंची फार नव्हे, कळसूबाई त्याच्यापेक्षा बरीच उंच आहे. पण जागा मोक्याची. अरबी समुद्र इथून जेमतेम ऐंशी किलोमीटर आणि तरीही गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते, १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाला वैतरणा उगम पावते आणि पश्चिमेला उतरते. नाशिकचं गंगापूर धरण, पैठणचं जायकवाडी, थेट आंध्रातला धवळेश्वरमचा बंधारा, या सगळ्यांचं पाणी एका उतारावरचं. मोडकसागर आणि अप्पर वैतरणेतून मुंबईच्या नळाला येणारं पाणी दुसऱ्या उताराकडचं. नाशिक आणि मराठवाडा दर काही वर्षांनी ज्या पाण्यावरून कोर्टात जातात, त्या पाण्याचा पहिला थेंब कुठे पडतो याची चौकशी मात्र कुणी करत नाही.

खडक बेसॉल्टचा, लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही घडण. या थरांचा स्वभाव सारखा नाही. काही थर भेगाळ आणि सच्छिद्र, त्यांत पाणी मुरतं. काही घट्ट, त्यांच्यावर पाणी अडतं. मधूनमधून लाल मातकट पट्टेही येतात, त्यांतूनही पाणी सहज खाली उतरत नाही. असं अडलेलं पाणी आडवी वाट काढतं आणि कड्याच्या मध्यावर कुठेतरी झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. आता परंपरा काय सांगते पाहा: गोदावरी माथ्यावर प्रकटली, तिथून गुप्त झाली, मध्यावर गंगाद्वाराला पुन्हा दिसली, पुन्हा गुप्त झाली आणि पायथ्याच्या कुशावर्त कुंडात आली. गंगाद्वाराला गोमुखातून पडणारी बारीक धार पाहून पहिल्यांदा येणारा माणूस हमखास विचारतो, ‘एवढीच?’ हो, उन्हाळ्यात एवढीच. पण तीनदा प्रकटणारी आणि दोनदा लपणारी नदी ही मला तरी नुसती भाविक कल्पना वाटत नाही. बेसॉल्टच्या डोंगरात पाणी कसं वागतं, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या लोकांनी ती सांगितली असावी.

गौतम ऋषींची कथाही तशीच पाण्याची आहे. दुष्काळ पडला, चहूकडे अन्नाची वानवा, फक्त गौतमांच्या आश्रमात वरुणाच्या वरदानामुळे पाणी आणि धान्य. भोवतालच्या ऋषींना ते बघवेना. त्यांनी एक मायावी गाय गौतमांच्या शेतात सोडली. गौतमांनी तिला दर्भाच्या काडीनं हाकललं आणि ती मेली. गोहत्येचं पातक धुवायला गंगा हवी, म्हणून त्यांनी ब्रह्मगिरीवर शिवाची आराधना केली. गंगा उतरायला राजी नव्हती, तेव्हा शिवानं जटा आपटल्या. माथ्यावर आजही ती जागा दाखवतात. आलेली गंगा पुन्हा पळू लागली, तेव्हा गौतमांनी कुश टाकून तिला अडवलं, ते कुशावर्त. पौराणिक पातकाचा भाग बाजूला ठेवला तर कथेत उरतं काय? अवर्षण, शेजाऱ्याच्या पाण्यावरची असूया, आणि धावतं पाणी अडवून धरण्याची खटपट. एकाही गोष्टीला जुनं म्हणता येणार नाही.

ब्रह्मगिरीला महाराष्ट्राच्या मनात जागा मिळाली ती मात्र केवळ गंगेमुळे किंवा ज्योतिर्लिंगामुळे नाही. नानासाहेब पेशव्यांनी काळ्या पाषाणात सुरू केलेलं आणि १७५५ ते १७८६ एवढा काळ चाललेलं त्र्यंबकेश्वराचं मंदिर अर्थातच देखणं आहे, पण त्याहून चारशे-पाचशे वर्षं आधी या डोंगराच्या फेरीत एक गोष्ट घडली असं वारकरी मानतात. आळंदीच्या वाळीत पडलेले विठ्ठलपंत बायकामुलांसह त्र्यंबकला आले. मध्यरात्री ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करायचा त्यांचा नेम होता. एका रात्री वाघ आडवा आला, पांगापांग झाली आणि थोरला निवृत्ती चुकून एका गुहेत शिरला. तिथं गहिनीनाथ बसले होते. गोरक्षनाथांकडून गहिनीनाथांकडे आलेला उपदेश त्यांनी या मुलाला दिला, निवृत्तीनं तो धाकट्या ज्ञानदेवाला दिला. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेवांनी जी गुरुपरंपरा सांगितली आहे, तिच्यात गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ आहेतच. नाथपंथाचा शैव योग आणि पंढरीची भक्ती यांची गाठ कुठे पडली असं विचारलं, तर परंपरा या डोंगराकडे बोट दाखवते. मला यातलं विशेष वाटतं ते असं की, उपदेश फेरीतल्या चुकलेल्या वाटेवर मिळाला. शिखर गाठून नव्हे आणि गाभाऱ्यातही नव्हे.

निवृत्तिनाथांनी १२९७ मध्ये त्र्यंबकलाच समाधी घेतली. पौष वद्य एकादशीला त्यांच्या यात्रेसाठी नाशिक, नगर, खानदेशाकडून दिंड्या पायी येतात. ही यात्रा कडाक्याच्या थंडीत भरते. डोक्याला मफलर गुंडाळलेले शेतकरी, त्यांच्या हातात टाळ, खांद्यावर घोंगडी. टीव्हीचे कॅमेरे श्रावणात येतात, पौषात फारसे फिरकत नाहीत. ज्याला त्र्यंबकचा गावरान चेहरा पाहायचा असेल त्यानं पौषात जावं.

श्रावणातली फेरी मात्र वेगळं प्रकरण आहे. तिसऱ्या श्रावणी सोमवारची प्रदक्षिणा सगळ्यांत पुण्याची, म्हणून रविवारी संध्याकाळपासूनच नाशिकहून एसटीच्या जादा गाड्या भरभरून निघतात. कुशावर्तावर स्नान किंवा निदान पाय धुणं, आणि रात्रीच चालायला सुरुवात. लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरची, मोठी त्याच्या दुप्पट. पेगलवाडी, पहिने अशी दक्षिणेकडून वाट जाते आणि सापगावच्या अंगानं परत त्र्यंबकला येते. वर धुकं, खाली चिखल. अनवाणी चालणाऱ्या बाया वहाणा पिशवीत घालून पिशवी काखेला मारतात. पुढच्याच्या पाठीवर बॅटरीचा उजेड टाकत रांग चालत राहते, ‘बम बम भोले’ मध्येच उठतं, विरतं. वाटेवरच्या घरांच्या पडव्यांत रात्रभर चहा उकळत असतो, उपासवाल्यांसाठी उकडलेल्या शेंगा असतात. दोन्ही बाजूंना नुकतं आवणलेलं भात, वरच्या उतारावर नागली आणि वरई.

या वाटेनं जो चालतो त्याच्या पायांना एक गोष्ट कळते. डोंगरावरून उतरणारा प्रत्येक ओहोळ त्याला ओलांडावा लागतो. कुठे घोटाभर, कुठे गुडघ्याला लागेल इतकं पाणी. पहिन्याच्या बारीपर्यंतचं पाणी गोदावरीकडे जाणारं, बारी ओलांडली की उतार पश्चिमेकडे वळतो आणि पाणी वैतरणेचं होतं. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्यामधली सीमा माणूस चपला हातात घेऊन ओलांडतो. भर पावसाळ्यात, ओहोळ वाहते असतानाच, डोंगराला पूर्ण वळसा घालायचा हा नेम ज्यांनी घालून दिला, त्यांनी फेरीला पाणलोटाची पाहणी असं नाव दिलं नसेल. पण काम तेच आहे. कुठला झरा यंदा क्षीण झाला, कुठे दरड आली, कुठे झाडं गेली, हे दरवर्षी त्याच वाटेनं जाणाऱ्याच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. शिखरावर गेलेल्या माणसाला खालचा मुलूख दिसतो, प्रदक्षिणा करणाऱ्याला डोंगर दिसतो.

ब्रह्मगिरी यात एकटा नाही. तिरुवण्णामलैच्या अरुणाचलाला पौर्णिमेच्या रात्री लोक चौदा किलोमीटरचा गिरिवलम घालतात. कैलासावर आजवर कुणी चढल्याची नोंद नाही. हिंदू, बौद्ध, जैन आणि बोन असे सगळे त्याला सुमारे बावन्न किलोमीटरची परिक्रमा करतात, बोन लोक उलट्या दिशेनं. अंतर राखणं हाही भक्तीचा एक प्रकार आहे, हे या सगळ्यांना ठाऊक होतं.

आता फेरीबाहेरचा डोंगर. ब्रह्मगिरीच्या खांद्यावर, कड्याखालच्या सपाटीवर मेट नावाच्या वस्त्या आहेत, जुन्या गडाच्या पहाऱ्याशी नातं सांगणाऱ्या. गंगाद्वारची मेट, सुपलीची मेट. राहणारे बहुतेक आदिवासी. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, नाशिक शहराच्या जवळपास तिप्पट. आणि तरीही २०२२ च्या उन्हाळ्यात याच डोंगरावरच्या मेटघरच्या बायका तळ गाठलेल्या विहिरीत कडेच्या दगडांना धरून उतरत होत्या, हंड्यात वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. ती दृश्यं देशभर दाखवली गेली. दक्षिणगंगा जिथं जन्मते, तिथं एप्रिलमध्ये हंडा भरायला अर्धा दिवस जातो. भूगोलाच्या दृष्टीनं यात गूढ काही नाही: उतार तीव्र, माती पातळ, झाडं कमी, म्हणून पाऊस पडला तसा धावत खाली जातो. गौतमांनी कुश टाकून जे केलं, ते करायला आता वर कुणी नाही.

पायथ्याशीही काही फार बरं चाललेलं नाही. त्र्यंबक गावात गोदावरीचं पात्र काँक्रीटच्या स्लॅबखाली गेलं आहे. भाविक तिच्यावरून चालत जातात आणि विचारतात, नदी कुठाय? प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या अंगाला सुरुंग लावून केलेल्या उत्खननावरून नाशिकच्या पर्यावरणप्रेमींनी आवाज उठवला. मग अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवेचा प्रस्ताव आला. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत आणि जगात फारशी कुठे न सापडणारी वनस्पती तिथं उगवते, म्हणून त्यालाही विरोध झाला. रोपवेवर माझा आक्षेप गिधाडांच्याही आधीचा आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय होईल, हे खरं. पण ज्या डोंगराला वळसा घालायचा त्याच्या डोक्यावर पाळणा फिरवला, की दंडकाचं काय झालं हे विचारायलाही कुणी उरणार नाही. गडाचं वेड असलेल्यानं दुर्गभांडारला जावं. ब्रह्मगिरीच्या टोकाला कातळात कोरलेल्या जिन्यानं खाली उतरायचं, मातीनं अर्ध्या भरलेल्या दरवाज्यातून सरपटत बाहेर पडायचं, मग दोन्हीकडे खोल दरी असलेल्या अरुंद कातळभिंतीवरून पलीकडे जायचं. तिथं माणूस आपोआप वाकतो. पाळण्यात बसून वाकता येत नाही.

आणि आता सिंहस्थ कुंभमेळा येतो आहे. जाहीर तारखांप्रमाणे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तात स्नान करतात, वैष्णव नाशिकच्या रामकुंडात. पेशवाईत झालेल्या तंट्यानंतर ही वाटणी ठरली. रस्ते, घाट, वाहनतळ, सांडपाणी यांवर हजारो कोटींची चर्चा चालू आहे, आणि त्यातलं बरंचसं लागणारही आहे, एवढी माणसं येणार म्हटल्यावर. पण स्नान ज्या पाण्यात व्हायचं त्याचा जन्म कुशावर्तात होत नाही, वरच्या पाणलोटात होतो. गेली काही दशकं आपण पावित्र्य डोंगरावरून उचलून कुंडात नेऊन ठेवलं. कुंड स्वच्छ ठेवायला यंत्रं लावता येतात, डोंगराला ती लागू पडत नाहीत. त्याला समतल चर लागतात, स्थानिक झाडं लागतात, झऱ्यांच्या वरचं चराईचं आणि तोडीचं नियोजन लागतं, आणि ते करायला मेटांवरची माणसंच हवीत, कारण झरे कुठे फुटतात हे त्यांनाच ठाऊक आहे. सिंहस्थाच्या खर्चात या कामाचा नंबर पहिला लागायला हवा, घाटाच्या फरशीच्याही आधी.

वाचकांपैकी कुणी फेरीला जाणार असेल तर एवढंच सांगेन: तिसरा सोमवार सोडा. श्रावणातला कुठलाही साधा वार चालतो, दिवसाउजेडी निघा, भाताच्या बांधावर पाय देऊ नका आणि प्लास्टिकची बाटली नेलीत तशी परत आणा. वाटेतल्या पडवीत चहा घेताना घरातल्या बाईला विचारा, उन्हाळ्यात पाणी कुठून आणता म्हणून.