बंदरावरचे सहा तास

बोटीच्या सफरीचे तिकीट एकदा हाती पडले, की आता आपल्याला ठरवायचे असे काही उरले नाही, अशी माणसाची समजूत होते. जेवण बोटीवर, झोप बोटीवर; रात्री निजावे आणि सकाळी खिडकीचा पडदा सारावा, तो नवे गाव दारात उभे! जन्मभर आठ-वीसची लोकल पकडणाऱ्याला हे सुख स्वर्गीय वाटले तर नवल नाही. परंतु तिकिटापाठोपाठ एक यादी येते. पूर्वी ती छापील पुस्तिका असे, हल्ली बहुधा मोबाइलच्या पडद्यावर दिसते. प्रत्येक बंदराच्या नावाखाली किनाऱ्यावरच्या दहापाच सहली दिलेल्या असतात आणि प्रत्येक सहलीपुढे खूण करण्यासाठी एक चौकट. त्या चौकटीपाशी भल्याभल्यांचा हात थबकतो.

का थबकावा? आपल्या भाषेत ‘निवडणे’ हा शब्द सुपाशी जोडलेला आहे. घरातील आजी तांदूळ निवडायला बसते, तेव्हा ती तांदूळ वेचीत नाही, खडे वेचते. वाईट तेवढे बाहेर काढले, की चांगले आपोआप सुपात राहते. आम्ही शिक्षक मंडळी मुलांना हीच निवड शिकवतो. खोटे टाका, खरे घ्या. आळस टाका, अभ्यास घ्या. पण सहलींच्या यादीत खडा एकही नसतो. सारेच तांदूळ, आणि मूठ मात्र एकच भरायची! वाईट काय ते ओळखायला आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. चांगल्यातले काय सोडावे आणि कसे सोडावे, हे मात्र कोणी शिकवलेले नसते.

माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान भूमध्य समुद्राच्या सफरीला निघाले, तेव्हा हा प्रश्न आमच्याच घरी येऊन बसला. भाऊजींनी तीस वर्षे हायस्कुलात इतिहास शिकवला. ताईने तेवढीच वर्षे पतपेढीतील नोकरी सांभाळून घर चालवले. निवृत्तीच्या पैशातून केलेली ही दोघांची पहिली आणि बहुधा शेवटची परदेशवारी. त्यांची बोट एक दिवस इटलीतील नेपल्सच्या बंदराला लागणार होती. सकाळी आठला येणार, संध्याकाळी पाचला सुटणार. सुटण्यापूर्वी ठरलेल्या वेळेला प्रवाशाने बोटीवर हजर असलेच पाहिजे, असा दंडक असतो. उतरण्याचा, रांगांचा आणि परतीचा वेळ वजा केला, तर हाती राहत होते सहा तास.

त्या सहा तासांसाठी चार वाटा होत्या. पहिली पॉम्पेईची: इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले आणि १७४८ पासून पुन्हा उकरून काढलेले रोमन नगर. दुसरी खुद्द व्हेसुव्हियसची. त्याचा शेवटचा उद्रेक १९४४ सालचा. बस सुमारे हजार मीटर उंचीपर्यंत नेते, पुढची चढण पायांनी चढायची. तिसरी काप्री बेटाची. तेथील निळी गुहा जगप्रसिद्ध, पण समुद्र खवळलेला असला, की तिच्यात शिरता येत नाही. चौथी वाट सर्वांत साधी: नेपल्स शहरातच राहावे आणि तेथील पुराणवस्तुसंग्रहालय पाहावे.

भाऊजींचे मन पॉम्पेईवर जडलेले होते. ज्या नगरीविषयी वर्गात इतक्या वेळा सांगितले, तिच्या रस्त्यावर एकदा उभे राहायचे, एवढीच त्यांची इच्छा. पण तो रस्ता दोन हजार वर्षांपूर्वीच्या ओबडधोबड दगडांचा. आणि ताईचे दोन्ही गुडघे गेली काही वर्षे कुरकुरत आहेत. “तुम्ही जा हो, मी बोटीवर बसून राहीन,” ताई म्हणाली. “तू नाहीस, तर मग मीही नाही,” भाऊजी म्हणाले. दोघेही एकमेकांच्या भल्याचेच बोलत होती, आणि दोघांचेही चेहरे उतरले होते.

अशा वेळी एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: “पुन्हा का आपण इथे येणार आहोत?” या एका वाक्याने प्रवासात जेवढी माणसे दमली असतील, तेवढी चालण्याने दमली नसतील. पुन्हा येणे नाही, म्हणून रोम पाहायचे. आणि ज्या चिविताव्हेक्क्या बंदरात बोट लागते, तेथून रोम सुमारे ऐंशी किलोमीटर! जाण्यायेण्याचे तीन तास बसच्या काचेतून निघून जातात. पुन्हा येणे नाही, म्हणून लिव्होर्नो बंदरातून फ्लॉरेन्सही पाहायचे आणि वाटेत पिसाचा मनोराही. संध्याकाळी माणूस बोटीवर परततो तो फोटो घेऊन. गाव कोठे राहते कोण जाणे. शिवाय बोटीवाल्यांची सहल घ्यावी, तर ती महाग. आपली आपण टॅक्सी करावी, तर खर्च कमी. पण सहलीच्या बसला उशीर झाला तर बोट थांबते, आपल्या टॅक्सीला उशीर झाला तर ती थांबत नाही. स्वस्ताई हवी की निर्धास्तपणा, हाही हिशेब त्यातच आला.

पण मला वाटते, ‘पुन्हा येणे नाही’ हे वाक्य खरे असले, तरी त्यातून आपण काढतो तो निष्कर्ष खोटा आहे. पुन्हा येणे नाही, हे नेपल्सबद्दल जितके खरे, तितकेच परवाच्या मंगळवारबद्दलही खरे आहे. मुलगी पाचवीत असतानाची एखादी दुपारही पुन्हा येत नाही. म्हणून काही आपण त्या दुपारी तिला गावातील सारी देवळे दाखवीत हिंडत नाही. आपण तिच्याशेजारी बसतो. जे एकदाच मिळणार, त्यात अधिकात अधिक कोंबावे असे नव्हे. जे घेतले ते नीट घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि सारे पाहायचे म्हटले, तरी सारे आहे कोठे? पॉम्पेईचेच पाहा ना. नगरीच्या भिंती, रस्ते आणि अंगणे पॉम्पेईत आहेत. पण तेथील घरांतून निघालेली कित्येक भित्तिचित्रे, भांडीकुंडी आणि मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात नेऊन ठेवलेल्या आहेत. पॉम्पेईला जाणारा घर पाहतो, पण संसार पाहत नाही. संग्रहालयात जाणारा संसार पाहतो, पण घर पाहत नाही. याहून मोठी गोष्ट अशी, की त्या नगरीचा सुमारे एक तृतीयांश भाग अद्याप मातीखालीच आहे. आधी जे उघडे पडले ते जपू, उरलेले पुढच्या पिढ्यांनी अधिक चांगल्या साधनांनी उकरावे, असा शहाण्यांचा विचार. ज्यांचे आयुष्यच पॉम्पेईत गेले, तेही तिचा तिसरा हिस्सा न पाहता समाधानाने निवृत्त होतात, आणि आपण सहा तासांत काही राहून गेले म्हणून हळहळतो!

त्याच संग्रहालयात एक वस्तू अशी आहे, की तिच्याविषयी दिवाळीच्या दिवसांत सांगितलेच पाहिजे. १९३८ साली पॉम्पेईतील एका घरात वीतभराहून थोडी उंच अशी एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर भरगच्च दागिने, दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या दासी. घडण अस्सल भारतीय. जग तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणते. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असेही अभ्यासक म्हणतात. पुढे आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या. त्यामुळे ही बाई मूळची भोकरदनची असावी, असे मत पुरातत्त्वज्ञ डॉ. मधुकर ढवळीकर यांनी मांडले. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. कोण व्यापारी, कोणती गलबते, कोणती बंदरे! ज्वालामुखी फुटण्यापूर्वीच मराठवाड्याची एक लेक बहुधा समुद्र ओलांडून तेथे नांदायला गेली होती.

हे मी ताईला सांगितले, आणि तिनेच तोड काढली. “तुम्ही घर पाहा, मी घरातली वस्तू पाहीन,” ती भाऊजींना म्हणाली. भाऊजींनी बोटीच्या सहलीबरोबर पॉम्पेई गाठले. ताई सोबतच्या दोघी बायकांना घेऊन टॅक्सीने संग्रहालयात गेली. रात्री जेवताना दोघांनी एकमेकांना दिवस सांगितला. “तुम्ही असता, तर बरे झाले असते,” असे दोघांनीही म्हटले. त्यात हळहळ होतीच. पण ती कोणाच्या नावावर मांडलेली नव्हती.

मला येथे महत्त्वाचे वाटते ते हे नावावर मांडणे. आपल्याकडे त्यागाचे कौतुक फार, आणि ते योग्यही आहे. पण कित्येक संसारांत त्याग ही देणगी नसते, उधारी असते. “तुझ्या गुडघ्यांमुळे माझी पॉम्पेई राहिली,” हे वाक्य भाऊजी कधीच बोलले नसते. पण न बोललेले वाक्यही घरात वावरत असते. चहाच्या कपाशी, पेपरच्या घडीशी ते जाणवते. सोबत राहायचे, तर मग सोबतच घेतली असे म्हणावे, पॉम्पेई सोडली असे म्हणू नये. आणि जायचे, तर मोकळ्या मनाने जावे. चुकचुकत गेलेला मनुष्य ना पॉम्पेईत असतो, ना घरच्या माणसाजवळ. दोन्ही निवडी चांगल्या. वाईट ती एकच: एक निवडायची आणि दुसरीचे ओझे शेजारच्याच्या खांद्यावर ठेवायचे.

हे ओझे घरातल्याच खांद्यावर पडते असेही नाही. ग्रीसमधील सँटोरिनी बेटापाशी मोठी बोट धक्क्याला लागत नाही. कोकण बोटीच्या काळी आपली वडीलधारी माणसे पडावातून किनाऱ्यावर येत, तसे लहान होड्यांतून उतरावे लागते. वर गावात जायला पाळणा आहे, सहाशेच्या घरात पायऱ्या आहेत, आणि गाढवे व खेचरेही आहेत. त्यांच्या पाठीवर शंभर किलोहून किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार नको, असा नियम ग्रीक सरकारला २०१८ साली करावा लागला. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना मनाई झाली. पॉम्पेईनेही नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला वीस हजारांहून अधिक माणसे घ्यायची नाहीत, असे ठरवले. आपली चौकट आपण घरी बसून भरतो. पण तिचा भार दूरच्या एखाद्या गल्लीवर, एखाद्या मुक्या पाठीवर पडतो. हे एवढे ध्यानात ठेवले, तरी हात आपोआप थोडा सावधपणे खूण करतो.

आणखी एका माणसाची निवड मला फार शिकवून जाते. बोटीवर आपली खोली आवरणारा, ताट वाढणारा मुलगा पुष्कळदा गोव्याचा किंवा मुंबई-कोकणातला असतो. गोव्यात त्याला तारवटी म्हणतात. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात खलाशांच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या रजेला मान्यता आहे, पण कामाच्या पाळीत बसेल तेवढीच. त्याच्या वाट्याला सहा तास येत नाहीत. दोन आले तरी पुष्कळ. त्याच्या समोरही तेच नेपल्स पसरलेले असते. आणि असे कित्येक तारवटी बंदराजवळच चांगले इंटरनेट मिळेल असा एखादा कोपरा शोधतात आणि घरी फोन लावतात. बाळाला दात आला का, आईचा खोकला कसा आहे, घराचे पत्रे बदलले का! आपण त्याला म्हणू, “अरे, पॉम्पेई इथून तासाभराच्या आत आहे!” तो हसेल. त्याने पॉम्पेई गमावली, असे त्याला वाटत नसते. आपल्याला काय हवे, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून काय सोडले, याचा हिशेब तो करीत नाही.

हे मर्म आपल्याला अगदीच परके नाही. आषाढीला पंढरपुरात लाखोंनी माणसे लोटतात. पायांवर डोके ठेवायचे, तर बारीत तासन्‌तास उभे राहावे लागते. ज्याला ते झेपत नाही तो मुखदर्शन घेतो. ज्याला तेही जमत नाही तो चंद्रभागेत स्नान करून नामदेवाच्या पायरीला हात लावतो आणि कळसाला नमस्कार करून माघारी फिरतो. गावी पोचल्यावर शेजारीपाजारी विचारतात, “दर्शन झाले का?” तो म्हणतो, “झाले.” आणि तो खोटे बोलत नसतो.