शेजार कोणासाठी निवडावा?

मनुष्य गाव सोडतो तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न पोटाचा असतो. दुसरा प्रश्न शेजाराचा. पण नीतिविचार करणाऱ्यांनी तो फारसा मनावर घेतलेला आम्हांस दिसला नाही. कोणत्या शहरी जावयाचे हे बहुधा नोकरीच ठरविते. त्या शहराच्या कोणत्या उपनगरात बिऱ्हाड थाटावयाचे हे मात्र त्याचे त्याला ठरवावे लागते, आणि ते ठरविताना तो केवळ स्वतःपुरते ठरवीत नाही. घरातल्या वृद्धांचे दिवस कोणाच्या सहवासात सरतील, मुलांच्या जिभेवर कोणती भाषा बसेल, स्वयंपाकघरातला वास कोणाला खपेल आणि कोणाला नाही, या साऱ्याचा निकाल एका भाडेचिठ्ठीवरील सहीने लागून जातो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबापुढे हा प्रश्न आला, आणि सल्ला विचारण्यासाठी त्यांनी आम्हांस गाठले, म्हणून आम्ही तो विचार करू लागलो. कुटुंब नंदुरबारकडील. कर्त्या पुरुषास सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये हिशेबनिसाची जागा मिळाली. घरात पत्नी, पाचवीतली मुलगी आणि सत्तरीपलीकडची आई. पर्याय दोन होते. एक डिंडोलीतले लहानसे रो-हाऊस, दुसरा तापीपलीकडे अडाजणला एका सोसायटीतील फ्लॅट.

डिंडोली हे नाव पुण्या-पणजीच्या वाचकास कदाचित अपरिचित असेल. खानदेशात मात्र ते घरोघर ठाऊक आहे. उधना जंक्शनहून भुसावळकडे लोहमार्ग फुटतो. त्याच्या कडेने लिंबायत, नवागाम, डिंडोली अशा वस्त्या पसरल्या असून नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतून आलेली हजारो कुटुंबे तेथे नांदत आहेत. एकोणिसावे शतक मावळून विसावे उजाडत असता ताप्ती व्हॅली रेल्वेने हा मार्ग टाकला. आज उधना ते जळगाव हे सुमारे ३०६ किलोमीटरचे अंतर दुहेरी मार्गाने जोडलेले आहे. या मार्गावरील नवापूर स्थानकातूनच दोन राज्यांची सीमा जाते. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. खानदेशी मनुष्याचे सुरतेला जाणे हे परप्रांतगमन मानावे की नाही, याचे उत्तर त्या फलाटावर उभे राहून देणे कठीण आहे. १९९१ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख असलेली सुरतेची वस्ती २०११ साली ४४ लाखांवर गेली. यात २००६ साली झालेल्या हद्दवाढीचाही वाटा आहेच; तथापि मागांनी, गिरण्यांनी व हिऱ्याच्या घंट्यांनी ओढून आणलेली माणसे त्याहून मोठी. यांतील मराठी मंडळी काही कोपऱ्यात पडलेली नाहीत. लिंबायत ज्यात मोडते त्या नवसारी मतदारसंघातून २००९ पासून लोकसभेवर निवडून येत असलेले सी. आर. पाटील हे मूळचे जळगाव जिल्ह्याचेच.

आम्ही प्रथम अडाजणचा सल्ला दिला, हे कबूल केले पाहिजे. आमचा विचार असा की, मनुष्य गाव सोडतो तो काही गाव पाठीवर घेऊन बसण्यासाठी नव्हे. आपल्याच लोकांच्या वस्तीत राहिले की नव्या शहरात राहूनही त्याची ओळख होत नाही. भाऊबंदकी, मानपान, लग्नातले रुसवे हे सारे गाडीत बसून मागोमाग येते. त्याबरोबर येणारी माया मात्र शहराच्या घाईत पातळ होते. मुलीने गुजराती मैत्रिणींत वाढावे, त्या शहरास आपले म्हणावे, यात तिचे हित आहे असे आम्हांस वाटले. (असा सल्ला देणे सोपे असते, कारण त्याप्रमाणे राहावे लागते ते दुसऱ्याला.)

मागाहून आमच्या मनात गोव्याच्या कुडांची आठवण आली, आणि या सल्ल्यास पहिला तडा गेला. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्यातील गावागावांचे कूड होते व काही अद्याप आहेत. बोटीवर खलाशी म्हणून जाणारा गोवेकर तेथे आपली पेटी ठेवी, सायंकाळच्या तेर्सास हजर राही, आणि जहाज मिळेपर्यंत गावकऱ्यांच्या सोबतीने दिवस काढी. गिरणगावातील गाववाल्यांच्या खोल्यांची रीतही हीच. या व्यवस्थेने किती घरे तगविली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. परंतु कूड हा मुख्यतः एकट्या पुरुषाचा मुक्काम होता. त्याची बायको, मुले व म्हातारी माणसे गोव्यातच राहत. वाटेवर असलेल्यास आपल्या माणसांचा आधार हवा, हे कोणीही मान्य करील. सहकुटुंब येऊन कायमची मुळे रोवणाऱ्यास तोच आधार तितकाच हवा काय? आमचे पहिले उत्तर ‘नको’ असे होते. कर्त्या पुरुषापुरते ते बरोबरही असेल. तो दिवसभर मिलमध्ये दहा भाषा बोलणाऱ्या माणसांत वावरणार. त्याला वस्ती ही केवळ निजण्यापुरती. मुलीचेही पुष्कळसे बरोबर. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांत चालतात, आणि २०२३ च्या राज्य कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकविणे सर्व शाळांस सक्तीचे झाले आहे. म्हणजे मुलगी डिंडोलीत राहिली तरी गुजराती तिला चुकत नाही.

उरली आई. तिला अहिराणीशिवाय भाषा नाही. आमचे पुस्तकी मराठीदेखील तिला थोडे परकेच वाटते. आखाजीची गाणी, श्रावणातली कानबाई, दारासमोर बसून करावयाच्या गोष्टी, हे तिचे जग. अडाजणच्या चौथ्या मजल्यावर हे जग चार भिंतींत मिटणार होते. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “जठे तुम्ही, तठे मी.” घरच्यांनी याला संमती समजून विषय मिटविला, आणि त्या क्षणी आम्हीही तसेच समजलो.

येथेच नीतीचा खरा पेच आहे असे आम्हांस वाटते. ज्याला दुसरीकडे जाण्याची सोय नाही, त्याच्या होकारास होकार म्हणता येईल काय? कुटुंबाचे हित म्हणून आपण जे बोलतो ते बहुधा घरातील कमावत्याचे सुख व शिकणाऱ्याचे भवितव्य यांची बेरीज असते. जिचे भवितव्य थोडे उरले आहे ती या बेरजेत शून्य धरली जाते. आमचे मत हळूहळू असे झाले की, शेजार निवडताना ज्याचे जग सर्वांत लहान आहे त्याच्याकडे आधी पाहावे. मोठ्या जगाचा मनुष्य कोठेही गेला तरी आपले जग बाहेर शोधू शकतो. या मतावर आक्षेप येतो तोही हलका नाही. वृद्धेची पाच-दहा वर्षे आणि मुलीची पन्नास, हे एका तराजूत कसे घालावे? यावर आमच्यापाशी एवढेच उत्तर आहे की, मुलगी वस्ती बदलू शकेल. आजीला ते जमणार नाही.

दुसरा आक्षेप आम्हांस अधिक छळतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी (पुढे २००५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले) चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी मांडून एक गोष्ट दाखविली. प्रत्येक नाण्याची अपेक्षा अगदी माफक धरली, म्हणजे शेजाऱ्यांपैकी थोडेसे तरी आपल्यासारखे असावेत एवढीच, आणि ती पुरी होत नसल्यास ते दुसऱ्या घरात हलवावयाचे असे ठरविले, तरी थोड्याच खेळ्यांत पटाचे निरनिराळे तुकडे पडतात. कोणाच्याही मनात द्वेष नसता शहर विभागले जाते. आमच्या परिचितांनी आजीसाठी डिंडोली निवडावी हे न्याय्य. परंतु प्रत्येक घर अशाच न्याय्य कारणाने आपापल्या लोकांत गेले, तर उद्याच्या सुरतेत कोणाची कोणाशी गाठ पडणार?

तथापि ही खेळी सर्वांस सारखी मोकळी नाही, हेही विसरता कामा नये. अडाजणच्या त्या सोसायटीत घर पाहावयास गेले असता मोठ्या गोड शब्दांत एकच चौकशी झाली: खाण्यापिण्याचे कसे? आमच्या कोंकणी वाचकांस या प्रश्नाचा अर्थ उलगडून सांगावयास नको. हुमण आणि बांगडा यांनी किती घरांचे दरवाजे बंद केले हे त्यांना अनुभवाने ठाऊक असेल. सहकारी गृहसंस्थेस आपले सदस्यत्व एका समाजापुरते ठेवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणात २००५ साली दिला. गुजरातेत १९९१ चा अशांत क्षेत्रांचा कायदा आहे. तो जेथे लागू केला जातो तेथे घर विकण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि सुरतेच्या काही भागांस तो लावण्यात आलेला आहे. दंगलीच्या भीतीने घर कवडीमोलाने विकावे लागू नये हा त्याचा हेतू सांगितला जातो. परंतु दोन धर्मांची माणसे एकमेकांच्या शेजारी येऊ पाहतात तेव्हा त्याच कायद्याची भिंत आडवी येते. म्हणून ‘हे लोक आपल्याच वस्तीत का कोंडून घेतात’ असे विचारणाऱ्याने आधी बाहेरच्या दारांना कड्या कोणी घातल्या ते पाहावे. आम्ही स्वतः तो प्रश्न विचारला होता, आणि त्याची लाज वाटते.

जमिनीचा विचार आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याचा निकाल लागत नाही. लिंबायतेच्या बाजूस मिठी खाडी पावसाळ्यात फुगते आणि सखल वस्त्यांत शिरते. स्वस्त जागेच्या किमतीत हा धोका धरलेला असतो. पण ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सुटले तेव्हा तापीने अडाजण-रांदेरची चांगली घरेही बुडविली. पाण्याच्या बाबतीत कोणत्याही दलालाचा शब्द मानू नये एवढेच म्हणता येते.

कुटुंब अखेर डिंडोलीस गेले. आमच्या दुसऱ्या सल्ल्यामुळे नव्हे. फ्लॅटचे डिपॉझिट जमले नाही म्हणून. गेल्या श्रावणात आम्ही त्यांच्याकडे गेलो. वस्ती आम्ही समजत होतो तशी निव्वळ खानदेशी नव्हतीच. उजवीकडचे घर शिरपूरकडील. डावीकडे ओडिशातील गंजामहून आलेले मागावरच्या कामगाराचे कुटुंब. कानबाईच्या रोटांचा प्रसाद त्या घरी गेला होता आणि त्याच ताटातून काहीतरी परत आले होते, ज्याचे नाव आजीस सांगता येईना. नातीने ते शेजारणीला गुजरातीत विचारले, शेजारणीने गुजरातीतच सांगितले, आणि आजीने ते नाव दोनदा चुकीचे उच्चारून मग ओट्यावर बसून खाण्यास सुरुवात केली.