नटाची बैठक

गाडीत माणसाने दोनच गोष्टी भराव्यात, पेट्रोल आणि हवा, असं माझं ठाम मत आहे. ते गाडीला अलॉयची चाकं बसवून झाल्यावर झालं. माझी ठाम मतं नेहमी पैसे दिल्यानंतरच तयार होतात.

आम्ही राहतो भुईगावात. सुरूच्या बनामागून येणारं खारं वारं आधी खिडक्यांचे गज खातं, मग वळतं गाडीच्या लोखंडी चाकांकडे. आमची मारुती लहान, वयस्क. तिच्या चाकांना डबाभर रंग फासला असता तर भागलं असतं. पण भाचा म्हणाला, "मामा, अलॉय टाका. गाडी तरुण दिसेल." साठीनंतर या शब्दाला भुलत नाही असा कुणी असेल तर त्याचं दर्शन घ्यायची माझी तयारी आहे.

एका दुकानात चाकं मिळाली. दुसऱ्या कंपनीच्या गाडीवरून उतरवलेली, पॉलिश मारून बोहल्यावरच्या नवरीसारखी सजवलेली. "बसतील ना?" मी विचारलं. "काका, तुमच्या गाडीला चार बोल्ट, ह्याला चार भोकं. आणखी काय बघायचं?" लग्नं याहून कमी चौकशीवर जमलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे मला पटलं. शिवाय नट जुनेच चालतील म्हणाला. तेवढे पैसे वाचले म्हणून मी घरी येताना जिलबी घेतली.

आता नट या प्राण्याबद्दल चार शब्द सांगायला हवेत. रंगभूमीवरचा असो की चाकावरचा, नटाला बैठक लागते. मारुतीच्या नटाचं तोंड शंकूसारखं, साठ अंशांत निमुळतं. चाकाच्या भोकातला खळगाही तसाच हवा. होंडाच्या चाकांत तो खळगा वाटीसारखा गोल असतो. टोयोटाच्या कित्येक अलॉय चाकांना सपाट बैठक आणि वॉशरवाला नट. वाटीत शंकू घातला तर काय होतं? अंगभर टेकायचा तो नट एका केसाएवढ्या रेघेवर टेकतो. पाना फिरवा, पक्का आवळल्यासारखा लागतो. मग गाडी धावते, त्या रेघेवरचं अॅल्युमिनियम दबत जातं आणि नट बिनबोभाट सैल होतो. बरं, होंडाचे नट आणावेत, तर त्यांचे आटे दीड मिलिमीटरचे आणि आमचे सव्वाचे. म्हणजे आटे मारुतीचे आणि तोंड होंडाचं असा नट शोधायचा. मधल्या मोठ्या भोकातही दोन मिलिमीटरांचा फरक, तिथे वेगळी रिंग. पत्रिका बघायची असते ती इथे!

हे सगळं ज्ञान मला नंतर झालं. आधी झाला तो आवाज. तिसऱ्या दिवशी पुढच्या डाव्या चाकातून टक्, टक्. मी रेडिओ मोठा केला. "कसला आवाज हो?" हिने विचारलं. "रस्त्याचा," मी म्हणालो. पावसाळ्यात आमच्याकडे कुठलाही गुन्हा रस्त्यावर ढकलला तर उलटतपासणी होत नाही.

त्याच रात्री दीड वाजता शेजारच्या मास्तरांनी दार ठोठावलं. माहेरी आलेल्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. मुलगा गाडी चालवणार होता, फक्त गाडी हवी होती. मी किल्ली दिली. टक्-टक् अगदी जिभेवर आली होती. पण ती सांगायची तर कसली चाकं घेतली तेही सांगावं लागलं असतं, आणि ही मागेच उभी होती. शिवाय अशा वेळी गाडीचं दुखणं काढणं म्हणजे नाही म्हणण्याचीच एक रीत, असं मास्तरांना वाटलं असतं. हे दुसरं कारण मला सकाळी सुचलं. मी नुसतं म्हणालो, "सावकाश जा." हे दोन शब्द बोलले की आपण सगळं सांगितलं असं वाटतं.

सकाळी मुलगी झाल्याची बातमी आली. गाडी आली, पेढे आले, घरची सुकेळी आली. "अण्णा, देवासारखे उभे राहिलात," म्हणून मास्तरांनी माझे दोन्ही हात धरले. मी देवासारखाच गप्प राहिलो.

दुपारी गॅरेजवाल्याने चाकाची टोपी काढली. चारांतले दोन नट त्याने पाना न लावता, बोटांनी फिरवून माझ्या हातावर ठेवले. "काका, हे आवळले होते, बसले नव्हते. रात्री कोण गेलं होतं ह्यातून?"

झालं काहीच नव्हतं. मग अपराध कसला? बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली नेमका हाच घोळ घातला होता. ब्रेक तपासून न घेतलेला एक ड्रायव्हर. त्याच्या वाटेत मूल आलं तर तो जन्मभर होरपळतो. मूल आलं नाही तर घरी जाऊन जेवतो. हयगय तेवढीच, मग पापात फरक नशिबाचा? नेगलसाहेबांना याचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही. मला तर पेढाही गिळवेना.

आमच्या कीर्तनकारांनी हे प्रकरण फार आधी हाताळलं आहे. ऐन युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निसटली, कैकेयीने तिथे हात घातला, चाक राहिलं. एका खिळीचे दोन वर, आणि त्या वरांपायी पुढचं सगळं रामायण. पण निघण्याआधी ती खीळ ज्याने तपासली नाही, त्याचं नाव कुठल्याच कीर्तनात मी ऐकलेलं नाही. त्या रात्री अयोध्येत तोही पेढे खात असणार. इतकी वर्षं मी कैकेयीवर रागावलो, त्या गृहस्थाची आठवण मला प्रथमच झाली. घरातलाच माणूस निघाला.

हिला सांगितलं. ही फक्त म्हणाली, "पेढे खाल्लेत ना? मग जाऊन सांगा."

गेलो. सगळं सांगितलं. मास्तर बराच वेळ अंगणातल्या केळीकडे बघत राहिले. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. शेवटी म्हणाले, "चारांतले दोन बरोबर. पन्नास टक्के. पास आहात." आणि हसले. पण त्या दिवशी आतून चहा आला नाही. मीही थांबलो नाही.

अलॉयची बैठक पार चावली गेली होती. ती चाकं भंगारात गेली. माळ्यावरची लोखंडी चाकं उतरवली, रंग फासला, शंकूच्या तोंडाचे नवे नट आणले. गॅरेजवाल्याने ते आधी बोटांनी फिरवले, मग आडवे-तिडवे, समोरासमोरचे आवळले, शेवटी मापाच्या पान्याने. शंभर किलोमीटर झाल्यावर परत बोलावलं, तसा गेलोही. गाडी पूर्वीसारखी म्हातारी दिसू लागली.

गेल्या रविवारी नातीच्या बाप्तिस्म्याला गाडी हवी म्हणून मास्तर आले. मी किल्ली पुढे केली.

"ती राहू दे," ते म्हणाले. "आधी पाना द्या."