पाळी, पॅड आणि नारेगाव

२०१८ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधल्या चार तारखा एकाखाली एक लिहून पाहाव्यात असं मला बरेच दिवस वाटत होतं. ९ फेब्रुवारीला 'पॅडमॅन' प्रदर्शित झाला. १६ फेब्रुवारीला नारेगाव आणि आसपासच्या गावकऱ्यांनी तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या संभाजीनगरच्या, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीन दशकांहून जास्त काळ शहर आपली घाण आमच्या शिवारात ओततंय, विहिरी नासल्या, आता एकही गाडी येऊ देणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. ७ मार्चला कचरा टाकायला जागा शोधत फिरणाऱ्या गाड्या शहराच्या कडेच्या मिटमिट्यात पोचल्या. दगडफेक झाली, पोलिसी बळ वापरलं गेलं आणि प्रकरण पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यापर्यंत गेलं. दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, मुंबईत राज्य सरकारच्या अस्मिता योजनेचा प्रारंभ झाला: जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट आणि गावातल्या बायकांना बचत गटांमार्फत सवलतीत पॅड.

या बातम्या त्याच वर्तमानपत्रांत, त्याच आठवड्यांत छापून आल्या. एक महिलांची बातमी होती, दुसरी महापालिकेची. मला त्या एकाच गोष्टीची दोन टोकं वाटतात. मुलीच्या हातात पॅड कसं पोचेल याचा विचार करणारी व्यवस्था आपण उभी केली. ते तिच्या हातून सुटल्यावर कुठे जातं, हे विचारायचं काम कुणाचंच नव्हतं.

पॅडच्या विरोधात मी लिहीत नाही. माझ्या आईच्या पिढीने जुन्या लुगड्यांच्या घड्या वापरल्या. त्या अंधारात धुतल्या आणि उन्हात टाकायची लाज म्हणून परकराखाली दमट वाळवल्या. मांड्यांना घासून फोड यायचे, शाळा बुडायची. ते दिवस संपवण्यात पॅडचा मोठा वाटा आहे आणि तो कुणी नाकारू नये. ऑगस्ट २०१९ पासून जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक पॅड मिळू लागलं हीही चांगली गोष्ट झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते २४ वयाच्या सुमारे ८५ टक्के मुली-बायका पाळीत 'स्वच्छ' साधन वापरतात असं दिसलं. पण या मोजणीत स्वच्छ काय धरलं आहे ते पाहावं. दुकानातलं पॅड स्वच्छ, स्थानिक पातळीवर बनवलेलं पॅड स्वच्छ, टॅम्पॉन आणि कप स्वच्छ. कापड नाही, मग ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलेलं असलं तरी नाही. आणि पॅड स्वच्छच, मग ते वापरल्यावर नाल्यात टाकलेलं असलं तरी. मोजणी बाईच्या शरीरापाशी थांबते. तिच्या दारातून निघालेल्या घंटागाडीच्या मागे ती जात नाही.

मागे गेलं तर काय दिसतं? बाजारातल्या नेहमीच्या पॅडची खालची पातळ पाठ पॉलिथिनची, वरचा मऊ थर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा, मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि ओलावा धरून ठेवणारे सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे दाणे. लगदा सोडला तर यातलं काहीही आपल्या हयातीत कुजत नाही. एका बाईचा हिशेब मांडू. महिन्याला १५ पॅड धरले तर वर्षाचे १८० आणि पाळीच्या ३५ वर्षांचे ६,३००. आता शहराचा. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती, म्हणजे पाळी येण्याच्या वयाच्या बायका ढोबळमानाने तीन लाख. त्यातल्या निम्म्याच पॅड वापरतात असं मानलं तरी महिन्याला साडेबावीस लाख पॅड होतात. हा अंदाज आहे आणि मुद्दाम हात राखून केलेला आहे.

नारेगावचा कचरा डेपो बंद पडल्यावर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे प्रक्रियेच्या जागा उभ्या राहिल्या. ओला-सुका वेगळा करण्याची सवय लागावी म्हणून शहरात पुष्कळ जणांनी खपून काम केलं. पण रक्ताने भिजलेलं प्लास्टिक ओल्यात घालता येत नाही आणि सुक्यातलं विकता येत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं होतं की ते नीट गुंडाळून सुक्यात द्यावं आणि गुंडाळायला पिशवी पॅड बनवणाऱ्या कंपनीने पाकिटासोबत द्यावी. ती पिशवी किती पाकिटांत मिळते, हे प्रत्येक बाईने आपल्या घरचं पाकीट उघडून पाहावं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायकांनी २०१३ मध्येच वापरलेले पॅड पिशव्यांत भरून थेट कंपन्यांकडे परत पाठवले होते. तुम्ही विकता, आम्ही उचलतो, तर उचलण्याची किंमत कोण देणार, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. मेडिकलवाला पॅड वर्तमानपत्रात बांधून काळ्या पिशवीत घालून देतो. घरी ते वापरून पुन्हा वर्तमानपत्रात बांधून काळ्या पिशवीत टाकलं जातं. ते बांधलेलं उघडणारा पहिला माणूस बहुतेक वेळा कचरावेचक बाईच असते आणि तिची जात कोणती असते हे महाराष्ट्रात वेगळं सांगायची गरज नाही. शहरातल्या सवर्ण घरांमधून चार दिवस बाजूला बसणं बरंचसं गेलं याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण विटाळ संपवल्याचं जे समाधान आपण मानतो, त्यातला मोठा भाग तो दुसऱ्या बाईच्या ओंजळीत टाकून मिळवलेला आहे.

म्हणून मला पाळीच्या कपाबद्दल बोलायचं आहे, आणि तो पर्यावरणप्रेमी सुखवस्तू बायकांचा छंद म्हणून नव्हे.

कप ही कालची वस्तू नाही. अमेरिकेत लिओना चाल्मर्स या बाईने १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तो रबराचा होता. आताचे कप वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचे असतात. योनीमार्गात घडी घालून बसवायचा, आत तो उघडतो आणि रक्त शोषून न घेता साठवतो. आठ ते बारा तासांनी काढायचा, ओतायचा, धुवायचा, परत बसवायचा. पाळी संपली की उकळून ठेवायचा. नीट जपला तर दहा वर्षांपर्यंत टिकतो, म्हणजे ६,३०० पॅडच्या जागी चार कप. २०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यात सुमारे ३,३०० बायका-मुलींची माहिती होती. गळतीच्या बाबतीत कप पॅड-टॅम्पॉनइतकाच किंवा अधिक चांगला ठरला आणि हात बसल्यावर सुमारे ७० टक्के जणींना तोच पुढे वापरायचा होता. हात बसायला मात्र दोन-तीन पाळ्या जातात. पहिल्या महिन्यात घाबरून, दुखवून घेऊन ज्यांनी तो कपाटात टाकला अशा मैत्रिणी प्रत्येकीच्या ओळखीत असतील.

पैशाचं म्हणाल तर चार-पाचशे रुपयांचा कप दुकानातल्या पॅडच्या तुलनेत वर्षाच्या आत वसूल होतो. एक रुपयाच्या पॅडशी तुलना केली तर अडीच-तीन वर्षं लागतात. पण चार-पाचशे रुपये एकदम काढणं ही घरकाम करणाऱ्या किंवा वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या बाईसाठी निराळी गोष्ट आहे. वाणसामानात दहाचं पाकीट खपून जातं, कप खपत नाही. त्यासाठी घरात कुणाला तरी सांगावं लागतं.

आणि पाणी. संभाजीनगरात या मुद्द्याशिवाय कुठलीच चर्चा पूर्ण होत नाही. पन्नासेक किलोमीटरवर नाथसागर जलाशय भरलेला असताना इथल्या कित्येक वसाहतींनी चार-पाच दिवसांनी, आठवड्याने आणि उन्हाळ्यात त्याहूनही उशिराने येणाऱ्या पाण्यावर वर्षानुवर्षं काढली आहेत. जिथे ड्रम भरून ठेवून दिवस मोजावे लागतात तिथे कापडाच्या घड्या धुवायला बादल्या कुठून आणायच्या? पॅडचा खप वाढण्यामागे जाहिरातींइतकाच कोरड्या नळाचाही हात आहे, असं माझं मत आहे. पॅडला पाणी लागत नाही. कपाला लागतं, पण पेलाभर, आणि महिन्यातून एकदा उकळायला छोटं पातेलंभर. कमी पाण्याच्या शहराला खरं तर तो सोयीचा आहे.

अडतं ते दुसरीकडे. कपाला स्वच्छ हात, साबण, आतून लागणारी कडी आणि पाच मिनिटांचा निवांत वेळ लागतो. बीड, जालना, हिंगोली, परभणीहून शिकायला आलेल्या मुली जिथे राहतात त्या खासगी वसतिगृहांत आठ-दहा जणींना एक संडास असतो आणि बाहेर कुणीतरी दार वाजवत उभी असते. खोलीत गॅस नाही. चहाची इलेक्ट्रिक किटली सगळ्यांची मिळून एक, तिच्यात कप उकळायचा कसा? इथे कप अपयशी ठरला तर दोष मुलीचा नाही आणि कपाचाही नाही. पॅड या सगळ्या उणिवा झाकून नेतं. कप त्या उघड्या पाडतो.

मराठवाड्याने या उणिवांचं सर्वांत भीषण रूप पाहिलेलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागे कारणं अनेक होती: खाडा पडला तर कापला जाणारा दंड, भीती घालणारे डॉक्टर, अंगावर काढलेले आजार. पण फडावर संडास नाही, पाणी नाही, आडोसा नाही, हेही त्यांत होतं. या बायकांना कप वाटले की प्रश्न सुटेल असं कुणी म्हणालं तर मी त्याला विरोध करीन. धुळीने आणि उसाच्या चिकट रसाने माखलेले हात धुवायला पाणी नसेल तर कप आजाराला बोलावणं ठरेल. पाण्याचा टँकर आणि फिरता संडास आधी. कप त्यानंतर.

आता सगळ्यांत जास्त बोलला जाणारा आक्षेप. आपल्याकडच्या बायकांना 'तिथे' हात लावायचा संकोच वाटतो, म्हणून कप इथे चालणार नाही. हे ऐकलं की मला राग येतो. गेली कित्येक दशकं सरकारी दवाखान्यांत बायकांना तांबी बसवली जाते. बाळंतपणानंतर लगेच बसवली जाते, कधी नीट न विचारताही. अंगावरून जातं म्हटलं की योनीत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. तेव्हा संकोचाची चौकशी कुणी केली नाही. बाईच्या शरीरात डॉक्टरचा हात चालतो, कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम चालतो. तिचा स्वतःचा हात जायचा म्हटलं की मात्र संस्कृती आठवते.

लग्न न झालेल्या मुलींच्या आयांना वेगळी धास्ती असते आणि ती खोटं बोलून घालवता येणार नाही. कपाने योनीपटल ताणलं जाऊ शकतं. खेळण्याने, सायकलनेही ताणलं जातं आणि काहींना ते जन्मतःच नसल्यासारखं असतं. त्यावरून कौमार्य ठरत नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून कौमार्याची लक्षणं हा भाग काढून टाकला, कारण त्याला शास्त्रीय आधारच नव्हता. कंजारभाट समाजातल्या तरुणांनी त्याच सुमारास आपल्या जातपंचायतीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध उघड लढा दिला. डॉक्टरांच्या पुस्तकातून जे गेलं, ते आईच्या मनातून जायला कुणीतरी तिच्याशी बसून बोलावं लागेल. तोवर मुलीवर कपाची सक्ती नको आणि तिने मागितला तर नकारही नको.

केरळने हे बसून बोलण्याचं काम केलं. २०१८ च्या महापुरात छावण्यांमधल्या बायकांच्या पॅडचं काय करायचं हा प्रश्न समोर उभा राहिला. पुढच्या वर्षी अलप्पुळा नगरपालिका आणि एचएलएल लाइफकेअर ही सरकारी कंपनी यांनी मिळून ५,००० कप मोफत दिले. त्यासोबत शिबिरं घेतली, शंका ऐकल्या, नंतरही विचारपूस ठेवली. २०२२ मध्ये कुंबळंगी ग्रामपंचायतीत तेच गावपातळीवर झालं. पॅड आणि कंडोम दोन्ही बनवणाऱ्या एका सरकारी कंपनीने कप बनवून वाटावा, ही त्यातली मला महत्त्वाची वाटणारी बाब आहे. तिथे कप आरोग्य खात्याची वस्तू झाला. आपल्याकडे तो अजून ऑनलाइन मागवायची वस्तू आहे, आणि म्हणून ज्यांना इंग्रजी सूचना वाचता येतात त्यांचीच.

महाराष्ट्रात हे करायला नवं खातं उघडावं लागणार नाही. आशाताईंमार्फत किशोरवयीन मुलींना सहा रुपयांत सहा पॅड देण्याची केंद्राची योजना २०११ पासून आहे. पाळीबद्दल दारात जाऊन बोलणारी बाई गावोगाव आणि वस्त्यावस्त्यांत आधीच आहे. तिला कप स्वतः वापरून पाहण्याची संधी आणि चांगलं प्रशिक्षण द्यावं, तिच्या कामाचा मोबदला वाढवावा आणि ज्या बाईला हवा तिला कप मोफत मिळावा. पॅड सुरूच राहावेत, कापड वापरणारीला उन्हाची दोरी मिळावी. विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी आपापल्या वसतिगृहांत कडी, साबण आणि उकळण्यासाठी एक वेगळं भांडं ठेवावं. पॅड विकणाऱ्या कंपन्यांकडून महापालिकेने उचलण्याचा खर्च वसूल करावा आणि तो कचरावेचक बायकांच्या हातमोज्यांवर, लसीकरणावर, मजुरीवर घालावा.

आणि घाटी या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागापासून सिडकोतल्या खासगी दवाखान्यापर्यंत तांबी बसवताना प्रत्येक बाईला एक वाक्य सांगितलं गेलं पाहिजे: कप वापरणार असाल तर आधी आम्हाला सांगा. कप ओढून काढताना तांबीचा दोरा सोबत ओढला जाऊन ती निसटू शकते. आतली हवेची पकड बोटाने दाबून मोडायची आणि मगच कप काढायचा, हे शिकवावं लागतं. गर्भाशयात मोठ्या गाठी असतील, अंग बाहेर येत असेल, बाळंतपण नुकतंच झालं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय कप नको. टॉक्सिक शॉक या गंभीर आजाराचा धोका फार दुर्मीळ आहे, पण बारा तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही आणि एकाएकी ताप, उलट्या, अंगावर पुरळ आलं तर कप काढून ताबडतोब दवाखाना गाठायचा. हे सगळं एका पानावर, सोप्या मराठीत, उर्दूत आणि हिंदीत छापून प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावता येईल. त्याला मंत्रालयाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. महापालिकेचा आरोग्य विभाग ते या महिन्यात करू शकतो.